कणकण

गुरुवारी चारच्या सुमाराला मी मैदानाशेजारी गाडी लावली, हीटर तसाच चालू ठेवला, आणि समोर बघतो तर माझ्या मुलीची, आरुषीची पाण्याची बाटली कुंपणाच्या खांबावर एकटी ठेवलेली. बाकीच्या मुलींच्या बाटल्या गोलपोस्टच्या मागे निळ्या क्रेटमध्ये, एकमेकींना खेटून. तेरा-चौदा तिथे आणि एक इथे. नारिंगी झाकणाची, पांढऱ्या चिकटपट्टीवर तिच्या आईच्या अक्षरात नाव लिहिलेली. आरुषी खांबापासून चार पावलांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि तिच्या संघातल्या मुली मैदानावर नेहमीसारख्या पळत होत्या. काच वाफेने धुरकट झाली होती, ती हाताने पुसली, पुन्हा बघितलं. बाटली तिथेच. वारा पामर्स्टन नॉर्थचा, माणसाला तिरपं चालायला लावणारा, त्यात ती हलत होती पण पडत नव्हती. पडली असती तर मी उतरून उचलली असती. तेवढंच काहीतरी करायला मिळालं असतं.

आता मी काही अडाणी माणूस नाही. मी जिवाणूंवर पोट भरतो. इथल्या दुधाच्या संशोधन संस्थेत चीजला लागणारं विरजण सांभाळायचं माझं काम आहे. तेरा वर्षांपूर्वी नवीन आलो तेव्हा कुणी विचारलं की मी ‘डेअरी’त काम करतो म्हणायचो, आणि लोक विचारायचे कुठल्या कोपऱ्यावरची, कारण या देशात डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान आणि दुकान म्हटलं की भारतीय. तर सांगायचं हे, की जंतू एकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात हे मला कुणी शिकवायला नको. जून महिना, सन दोन हजार नऊ, स्वाइन फ्लू गावात शिरलेला, माझी बायको कलावती नर्स आहे त्या हॉस्पिटलात खाटा कमी पडायला लागलेल्या. एप्रिलात ऑकलंडच्या शाळेतली काही पोरं मेक्सिकोहून ताप घेऊन परतली तेव्हा सगळ्यांना ती बातमी वाटली होती. मग हळूहळू ती गोष्ट मुलींच्या फुटबॉलपर्यंत आली. मॅच संपल्यावर हात मिळवायचे नाहीत, कोपराला कोपर लावायचं. मैदानावर थुंकायचं नाही. चार बाटल्या सगळ्यांनी तोंडाला लावायच्या ही जुनी पद्धत बंद, ज्याची त्याची बाटली. शेजारच्या गावच्या एका संघाला अकरा मुली जमेनात म्हणून मॅच रद्द झाली, मग आणखी एक झाली. आरुषीने मला कॉम्प्युटरवर मेक्सिकोतली मॅच दाखवली होती, व्यावसायिक संघांची, पैसे घेऊन खेळणाऱ्यांची, लाखभर खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये चिटपाखरू नाही. बॉलचा आवाज ऐकू येत होता, खेळाडूंच्या शिव्या ऐकू येत होत्या. ती हसत म्हणाली, पप्पा, अगदी आमच्या मॅचसारखं, बघायला कोणी नाही. मी म्हणालो, मी असतो की. ती म्हणाली, तू गाडीत असतोस.

पण या शनिवारी बघायला कोणीतरी असणार होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक ऑकलंडला यायची होती, दोन दिवसांसाठी, आणि सगळ्या देशातून आलेल्या शाळांच्या संघांतून दोनच मुली निवडणार होती. चार वर्षांचं शिक्षण, राहणं, सगळं त्यांच्याकडे. आमच्या घरी या प्रकरणात आधी ‘कॉलेज’ या शब्दाचाच घोळ झाला. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात, आरुषी कॉलेजमधूनच खेळते. अमेरिकेत कॉलेज म्हणजे विद्यापीठ. आणि आमच्या डोक्यात कॉलेज म्हणजे दहावीनंतर सायकलवरून जायचं ते. कलावती म्हणाली, कॉलेजातून कॉलेजात जायला एवढी धडपड कशाला. मग आरुषीने आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं, इंग्रजीत, हळू, आम्ही म्हातारे असल्यासारखं. ती डाव्या पायाने खेळते. मला खेळातलं फारसं कळत नाही, पण ती बॉलपाशी पोचण्याआधी मान वर करून सगळं मैदान बघून घेते, तेवढं मला कळतं. संघ शुक्रवारी दुपारी बाराला व्हॅनने निघणार होता. तिची बॅग बुधवारपासून दारात भरून ठेवलेली होती.

ती गाडीत येऊन बसली, बाटली हातात. पट्टा लावला नाही. मी विचारलं, काय झालं. तिने सांगितलं ते असं, की सराव सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच फाया मेरे, त्यांच्या फुटबॉलच्या बाई, ऑफिसमधून कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. फाया म्हणजे माओरीत आई-मावशी, बाई शिक्षिकेला मुली इथे असंच म्हणतात. फायांनी कागद चाळले, हिला बाजूला बोलावलं, म्हणाल्या, तू आज इतरांपासून लांब बस, शनिवारी तुला नेता येणार नाही. का, ते इथे बोलता येणार नाही, मी तुझ्या आईला फोन करते. आणि क्रेटमधून हिची बाटली स्वतः उचलून, रुमालात धरून, त्या खांबावर नेऊन ठेवली. रुमालात धरून, हे आरुषीने दोनदा सांगितलं. मग म्हणाली, ब्रायर सोमवारपासून खोकतेय, पप्पा, सारखी खोकतेय, तिची बाटली क्रेटमध्येच आहे. हे म्हणताना तिचा आवाज फाटला. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी घड्याळ बिघडलं की घेऊन यायची तशी.

आणि मी तिला पुरुषोत्तमच्या घरची गोष्ट सांगितली. का सांगितली ते मला आजही नीट सांगता येत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली त्याला. मी बोपोडीत राहणारा, वडील दापोडीच्या वर्कशॉपात, मी पहिल्या वर्षाला, आणि पुरुषोत्तम माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार, नारायण पेठेतला. अभ्यासाला त्याच्या घरी जायचो. त्याची आई चांगली बाई, खरंच चांगली, भुकेला आहेस का विचारायची, पोहे द्यायची, चहा द्यायची. एकदा मी हात धुवायला मोरीत गेलो तर खिडकीच्या कट्ट्यावर एक कप उपडा ठेवलेला, कानाचा टवका उडालेला. मी तो ओळखला. दर वेळी मला तोच यायचा. मला वाटायचं योगायोग. त्या दिवशी बाहेर येऊन बसलो आणि चहा आला, त्याच कपात, अजून ओला. मी प्यायलो. हे मुख्य आहे, की मी प्यायलो, आणि छान झालाय म्हणालो. पुरुषोत्तमला काही माहीत होतं का, कोण जाणे. मी घरी सांगितलं नाही, लग्न झाल्यावर कलावतीला सांगितलं नाही, आणि आरुषीला तर असलं काही सांगायचंच नाही असं आम्ही ठरवलंच होतं. तिला बाबासाहेबांचा फोटो माहीत आहे, चौदा एप्रिलला ऑकलंडला जातो ते माहीत आहे, इतिहास माहीत आहे, पण तो इतिहास आहे. कुणाच्या तरी मोरीतला ओला कप नाही. ते तिला माहीत नसावं म्हणून तर इतक्या लांब येऊन, वाऱ्यात तिरपं चालत, आम्ही संसार मांडला.

मी सांगत होतो आणि गाडी चालवत होतो. चौकाच्या गोल वळणावर, समोरच्याला वाट देताना, मला सोमवारचा फॉर्म आठवला. हे मला लपवायचं नाही. मला आठवलंच नाही, असं म्हणता आलं असतं, आणि कुणी ते खोटं पाडू शकलं नसतं. पण आठवलं, लख्ख आठवलं. पिवळा कागद, शाळेने सगळ्यांच्या घरी पाठवलेला. गेल्या सात दिवसांत घरात कुणाला ताप आला होता का. रविवारी मला कणकण होती. सबंध दुपार पांघरूण घेऊन पडलो होतो, सांधे दुखत होते, कलावती म्हणाली थर्मामीटर लावा, मी म्हणालो उगाच कशाला, थोडी कणकण आहे, झोपलो की जाईल. सोमवारी सकाळी गेलीही. आणि तो फॉर्म समोर आल्यावर मी पेन उघडून, माझ्या सुंदर अक्षरात, हो अशी खूण केली आणि पुढे लिहिलं, वडील, रविवार, किंचित ताप. आरुषीने न वाचता घडी करून बॅगेत टाकला. तो शाळेच्या ऑफिसात पडून राहिला आणि गुरुवारी फाया मेरेंच्या हातात आला. एवढं सगळं त्या वळणावर मला अर्ध्या मिनिटात कळलं. मागच्याने हॉर्न दिला. मी वळलो, आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. पुरुषोत्तमच्या आईने दिवाळीला माझ्यासाठी वेगळ्या पुडीत लाडू ठेवले होते, ते सांगायचं राहिलं होतं.

घराच्या फाटकाशी गाडी थांबल्यावर आरुषीने इंग्रजीत विचारलं, म्हणजे फाया रेसिस्ट आहेत? मी म्हणालो, मी तसं म्हटलेलं नाही. हे वाक्य कुठल्याही भाषेत ज्या अर्थाने म्हणतात त्याच अर्थाने मी म्हटलं. ती उतरली, दारातली बॅग उचलून आत घेऊन गेली, आणि खोलीचं दार बंद झालं.

मला त्या संध्याकाळी एका जागी बसवेना. भाजी चिरायला घेतली, ठेवली. टीव्ही लावला, बंद केला. तिच्या दाराशी दोनदा गेलो, आतून मोबाइलच्या बटणांची टिकटिक ऐकू येत होती, परत आलो. माझं म्हणणं असं होतं, म्हणजे मी स्वतःशी जे म्हणत होतो ते असं, की मी खोटं काय सांगितलं? कप खरा आहे. रुमालात धरलेली बाटली खरी आहे. ब्रायरचा खोकला खरा आहे. तीन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, बास. आणि फॉर्म? तोही खराच लिहिला होता. माझे वडील एका पत्र्याच्या डब्यात सगळे दाखले ठेवायचे, शाळा सोडल्याचा, जातीचा, माझ्या मार्कशीटा, आणि मला कुठलाही अर्ज भरायला बसवलं की शेजारी उभे राहायचे. कागदावर खोटं लिहायचं नाही, म्हणायचे. आपल्याला कागदाने माणूस केलंय. एका अक्षराच्या चुकीपायी चुलत्याचा दाखला दोन वर्षं अडकला होता, ते त्यांनी बघितलं होतं. त्यामुळे फॉर्म दिसला की मी अजून ताठ बसतो. इथले लोक असल्या रकान्यांवर नुसती फुली मारून मोकळे होतात. ब्रायरच्या बापाने मारलीच असणार. आणि मी मात्र रविवारची कणकण सरकारदरबारी जमा करून आलो. आरुषीला हे सांगायचं म्हणजे, तुझं ऑकलंड मी घालवलं, असं सांगायचं. ते माझ्याने होईना. त्यापेक्षा कुणीतरी दुसऱ्याने घालवलेलं बरं वाटत होतं. आणि दुसऱ्याने घालवणं म्हणजे काय असतं, ते तर मला पाठच होतं.

सकाळी कलावती ड्यूटीवरून आली, हात कोपरापर्यंत धुतले, चहा घेतला आणि म्हणाली, “काल त्या फुटबॉलच्या बाईंचे दोन फोन येऊन गेले. वॉर्डात उचलता नाही आला. आरुषीचं काय झालंय?”

मी सांगितलं. कपाचं वगळून सांगितलं.

“तुम्ही ताप लिहिलात?”

“मग काय लिहायचं? कणकणीला इंग्रजीत काय म्हणतात?”

“काहीच म्हणत नाहीत. कणकण घरात सांगायची असते, म्हणजे कुणीतरी कपाळावर हात ठेवतं. ती फॉर्मवर लिहितात का?” ती कप घेऊन उभी राहिली. “हात दाखवून अवलक्षण. पोरीला सांगितलंत का?”

“सांगतो.”

“सांगतो काय, अहो, तिची व्हॅन बाराला आहे. आणि आधी त्या बाईंकडे जा. मोजला नव्हता म्हणावं.” तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती आठवडाभर सलग कामावर होती आणि त्या क्षणी ती माझी बायको कमी आणि नर्स जास्त दिसत होती. तिने माझ्या कपाळाला हात लावला, नाडी बघितली आणि झोपायला गेली.

दहा वाजता मी शाळेत गेलो. फाया मेरे मैदानाच्या कडेला सामानाच्या खोलीत होत्या, बॉल जाळ्यात भरत. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई, केस करडे, गुडघ्याला पट्टा. मला बघून सरळ उभ्या राहिल्या आणि, किआ ओरा, आरुषीचे बाबा, म्हणाल्या. हात पुढे केला नाही. नियमच तसा होता, तरी माझं लक्ष तिथे गेलंच. मी घरून निघताना ठरवलं होतं, चूक माझी आहे, सांगून मोकळं व्हायचं. पण खोलीत उभा राहिलो आणि तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणालो, माझ्या मुलीची बाटली सगळ्यांसमोर अशी वेगळी ठेवण्याआधी तुम्ही आम्हाला विचारायला हवं होतं. माझा आवाज चढला होता. ब्रायर खोकते, म्हणालो. तिची बाटली कुठे होती? म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, आणि वर ताकवाल्यालाच दम द्यायचा, असला माझा प्रकार.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “ब्रायरला लहानपणापासून दमा आहे. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे आहे. हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगते.” खिशातून त्यांनी पिवळा कागद काढला, माझ्याच अक्षरातला. तो माझ्यासमोर धरला, दिला नाही. आणि दुसऱ्या खिशातून फोन काढला. “हे काल रात्री आरुषीने सगळ्या टीमला पाठवलं. एका मुलीने मला दाखवलं, माझ्या फोनवर पाठवलं. ती रडत होती म्हणून दाखवलं.”

फोनवर इंग्रजीत चार ओळी होत्या. फायांनी माझी बाटली का वेगळी ठेवली ते आता मला कळलं. आम्ही भारतात ज्या लोकांपैकी आहोत त्यांची भांडी वेगळी ठेवायचे. माझ्या वडिलांच्या बाबतीत झालं होतं. ते म्हणाले, हे तेच आहे.

“तुम्ही असं म्हणालात?” फायांनी विचारलं. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “कारण तसं मी केलं असेल, माझ्या नकळत केलं असेल, तर मला कळायला हवं. माझ्या संघातल्या निम्म्या मुली सामोआच्या, टोंगाच्या, माझ्या स्वतःच्या लोकांपैकी. काल रात्रीपासून त्या मला विचारताहेत. मला झोप लागली नाही.”

मी म्हणालो, मी तसं म्हटलं नाही, पण तिला तसं वाटू दिलं. मला फॉर्म आठवत होता. हे बोलताना मी जाळ्यातल्या बॉलकडे बघत होतो. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि खोलीच्या दारात जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या. मग बाहेर बघतच सांगितलं, की त्यांच्या आजीच्या आईच्या घरातून एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत अकरा दिवसांत सात माणसं गेली. नांगरून काढावी तशी लांब एकच कबर, गावाच्या टेकडीवर, अजून आहे. तिथे नावं नाहीत, कारण लिहायला कोणी उरलं नव्हतं. तो ताप ज्या जहाजातून आला त्यावरच्या माणसांनी सांगितलं होतं म्हणे, किरकोळ ताप आहे. “त्यामुळे किंचित ताप असं लिहिलेलं वाचलं की मला किंचित दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “मी घाबरते. रुमाल त्यामुळे होता. सगळ्यांसमोर करायला नको होतं, त्याबद्दल मी आरुषीची माफी मागेन.”

बाहेर शाळेची घंटा झाली. मुलं एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेली, वाऱ्यात ओरडत. मी त्यांना कणकण समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हणालो, आमच्याकडे एक शब्द आहे, ताप येण्याच्या आधीचा, येतोच असं नाही, अंगातून काहीतरी सरकत जातं. माझ्या इंग्रजीत ते फारच विनोदी झालं, पण त्या हसल्या नाहीत. वळून माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, “मग ताप होता की नव्हता? तुम्ही शास्त्रज्ञ आहात. तुम्ही नव्हता म्हणालात तर मी हा कागद फाडते आणि तिला घेऊन जाते. तुमचा शब्द मला पुरे आहे.”

एक शब्द. तो मला येत होता, दोन्ही भाषांत येत होता. कलावतीनेही तोच सांगायला धाडलं होतं. आणि तो कदाचित खराही होता. सोमवारनंतर मी ठणठणीत होतो, आरुषी ठणठणीत होती, प्रयोगशाळेत कुणी मला दहातले नऊ पैसे कशावर लावशील विचारलं असतं तर मी नाहीवर लावले असते. पण उरलेला एक पैसा त्या व्हॅनमध्ये चौदा मुलींच्या शेजारी सहा-सात तास बसणार होता, खिडक्या बंद करून. मी तोंड उघडलं. मला आरुषी दिसली, बॉलपाशी पोचण्याआधी मान वर करणारी, आणि मी म्हणालो, मला माहीत नाही. मी मोजला नव्हता. हे मी सत्यवादी म्हणून केलं असं कुणी समजू नये. सत्यवादी माणूस आदल्या दिवशी त्या वळणावर बोलला असता. माझी फक्त आणखी एक गोष्ट रेटायची ताकद संपली होती.

“बरं,” फाया म्हणाल्या. “मग ती येणार नाही.” कागदाची घडी करून खिशात ठेवत म्हणाल्या, “आणि मुलींना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर मी स्वतःला वाचवतेय असं वाटेल. आरुषीला आधी सांगा, मग त्यांना.”

आधी सांगायला मिळालं नाही, असं मी म्हणणार होतो, पण तेही खोटंच. दीड तास होता. मी तो गाडीत बसून काढला. बारा वाजता मुली एकदम बाहेर आल्या, पिशव्या, उशा, चिप्सची पाकिटं, आणि सगळ्यांच्या मागे आरुषी, गणवेशात, रिकाम्या हाताने, त्यांना निरोप द्यायला आलेली. फायांनी सगळ्यांना व्हॅनपाशी थांबवलं. आरुषी लांब उभी राहिली, आपणहून. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, मी तिच्या बाजूने भांडायला आलोय.

मी सांगितलं. फायांनी काही चूक केली नाही. फॉर्म मी भरला होता, ताप मी लिहिला होता, आरुषीला ते माहीत नव्हतं, आणि मला माहीत असूनही मी तिला दुसरंच काही सांगितलं. तुम्ही फायांबद्दल जे वाचलंत ते माझ्यामुळे. मला माफ करा. एवढंच, चार-पाच वाक्यं, वारा अर्धी घेऊन गेला. पुढच्या दोन मुली मला ताप होता हे ऐकून एक पाऊल मागे सरकल्या, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. कुणीतरी विचारलं, आता बरं आहे ना तुम्हाला? मी हो म्हणालो. स्वीट ॲज, म्हणजे झकास, ती म्हणाली, आणि पिशवी व्हॅनमध्ये फेकली. त्यांच्यासाठी ते तिथे संपलं. एका बापाचा घोटाळा, सांगून टाकला, झालं. फाया आरुषीपाशी गेल्या, दोन हातांवर थांबून तिच्याशी काहीतरी बोलल्या, तिने मान हलवली. ब्रायरने खिडकीतून हात हलवला. व्हॅन गेली. इतक्या सहज गेली की मला धक्का बसला.

आरुषी गाडीत येऊन बसली, या वेळी मागच्या सीटवर. मला तिने ओरडायला हवं होतं. तुझ्यामुळे माझी अमेरिका गेली, म्हणायला हवं होतं, मी त्याची तयारी करून ठेवली होती. पुढच्या वर्षी पुन्हा, दुसरी विद्यापीठं, मी लिहितो त्या बाईंना, असलं सगळं माझ्याकडे तयार होतं. तिने यातलं काहीच काढलं नाही. शाळेपासून पुलापर्यंत ती खिडकीतून डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडे बघत होती. मी म्हणालो, आरू, माझं चुकलं. ती म्हणाली, “आय नो.” मग पुलापलीकडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा, इंग्रजीतच, अगदी हळू, मला आरशात शोधत तिने विचारलं, “पप्पा, उद्या कुणी माझ्याशी खरंच तसं वागलं, तर माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?”

सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी पुढे घेतली नाही, आणि मागेही कोणी नव्हतं.